सिएनाचं कॅथेड्रल: काय कुठे होतं आणि आता कुठे बघायचं

इटलीतल्या सिएनाला जायचं ठरलं की हॉटेलच्या आधी एक गोष्ट तपासावी: त्या दिवसांत कॅथेड्रलची फरसबंदी उघडी आहे की झाकलेली. या चर्चची जमीन म्हणजे संगमरवरात कोरलेली आणि जडवलेली ५६ चित्रं आहेत. चौदाव्या शतकात काम सुरू झालं, मुख्य भाग सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झाला आणि दुरुस्त्या-बदल एकोणिसाव्या शतकापर्यंत चालले. वर्षाचा बराच काळ यातली पुष्कळशी चित्रं हार्डबोर्डच्या तक्त्यांखाली असतात आणि लोक त्यावरून चालत छत बघत जातात. साधारण जूनच्या अखेरीपासून जुलैअखेरपर्यंत आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्यानंतर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तक्ते काढले जातात. नेमक्या तारखा दरवर्षी जाहीर होतात आणि त्या काळात तिकीट थोडं महाग असतं. तारखा जुळवता येत असतील तर जुळवाव्यात. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

दुसरी अडचण सगळ्यांनाच येते. कॅथेड्रल पाहिलं म्हणजे सगळं पाहिलं असं वाटून माणूस बाहेर पडतो, पण इथल्या उत्तमोत्तम वस्तूंपैकी निम्म्या तरी आता त्या इमारतीत नाहीत. दर्शनी भिंतीवरचे पुतळे नकला आहेत, वेदीमागची गोल रंगीत खिडकी नक्कल आहे, आणि वेदीवरचं सर्वांत प्रसिद्ध चित्र १५०६ मध्येच तिथून हललं. एक तळघर तर १९९९ पर्यंत कुणाला माहीतही नव्हतं. म्हणून कोणती वस्तू मुळात कुठे होती हे आधी समजून घेतलं की बाकीचं आपोआप लागत जातं.

टेकडी, पट्टे आणि अर्धवट राहिलेलं स्वप्न

मुख्य इमारत तेराव्या शतकातली. घुमट १२६० च्या दशकात पुरा झाला. आत शिरल्यावर पहिला धक्का बसतो तो काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा. काळा दिसणारा दगड जवळून पाहिला तर गर्द हिरवट आहे. काळं-पांढरं हे सिएनाच्या नगरचिन्हाचे रंग, त्यामुळे हे चर्च जितकं देवाचं तितकंच गावाचं आहे. घुमटाखालच्या खांबांना दोन उंच लाकडी दांडे बांधलेले दिसतील. ते १२६० च्या मोंतापेर्तीच्या लढाईतल्या युद्धगाड्याचे, असं परंपरा सांगते. त्या लढाईत सिएनाने फ्लोरेन्सला हरवलं, आणि त्याआधी गाव येशूची आई मरिया हिच्या चरणी वाहिलं होतं. इथल्या जवळपास प्रत्येक मोठ्या कलाकृतीच्या मागे ही भक्ती आणि फ्लोरेन्सशी असलेली चुरस या दोन्ही गोष्टी असतात.

चुरशीचा सर्वांत मोठा पुरावा उजवीकडे बाहेर उभा आहे. १३३९ मध्ये गावाने ठरवलं की आहे ते चर्च नव्या चर्चची नुसती आडवी बाजू करायची आणि त्याला काटकोनात प्रचंड नवं दालन बांधायचं. खांब उभे राहिले, समोरची भिंत चढली. मग १३४८ ची प्लेगची साथ आली आणि गावाचा मोठा हिस्सा गेला. पण सगळा दोष प्लेगवर टाकणं बरोबर नाही. बांधकामातच खोट होती: उताराची जमीन, आणि वरच्या ओझ्याच्या मानाने बारीक खांब. फ्लोरेन्सहून बोलावलेल्या जाणकारांनी धोक्याचा भाग पाडायला सांगितलं आणि १३५७ मध्ये काम सोडून दिलं गेलं. नव्या दालनाच्या कमानी आज भिंतींत बुजलेल्या दिसतात, मधे वाहनतळासारखा मोकळा चौक आहे आणि टोकाला एकटी भिंत. तिला ‘फाच्चातोने’ म्हणतात. तिच्या आतल्या अरुंद गोल जिन्याने माथ्यावर जाता येतं. तिथून चर्च, घंटामनोरा आणि खालचं शंखाकृती चौक-मैदान एका नजरेत येतं. घंटामनोऱ्याच्या खिडक्या नीट बघा: सर्वांत खाली एका कमानीची, मग दोन, तीन, असं करत माथ्याला सहा कमानींची. वर जावं तसं वजन कमी होतं आणि मनोरा आहे त्याहून हलका वाटतो.

पायाखालची चित्रं

फरसबंदी कशी केली ते कळलं की कुठलं काम आधीचं आणि कुठलं नंतरचं हे स्वतःच ओळखता येतं.

सुरुवातीची पद्धत साधी होती. पांढऱ्या संगमरवराच्या लादीवर चित्र रेखायचं, रेषा टाकीने आणि गिरमिटाने खोदायच्या, आणि खाचांत काळा लगदा भरायचा. पार्श्वभूमी काळ्या दगडाची, तिच्यात आकृती कापून बसवलेली. म्हणजे हे दगडावरचं रेखाचित्रच. पुढे पिवळे, लाल, हिरवे दगड आले आणि जडावकाम वाढलं. मग १५१७ पासून तीस वर्षं दोमेनिको बेक्काफुमी या चित्रकाराने रेषेवरचा भर कमी करून छटांवर आणला. पांढरा दगड उजेडाला, करडा मधल्या छटेला, गडद सावलीला. तीन दगडांच्या सांध्यावर माणसाची पोटरी गोल दिसते. वेदीजवळची मोशेची दृश्यं आणि वेदीसमोरचा इसहाकाचा बळी ही त्याची कामं. तिथे वाकून एखाद्या आकृतीच्या वस्त्राची चुणी शोधा: जिथे रेषा असेल असं वाटतं तिथे रेषा नाही, फक्त दगड बदललेला आहे.

चित्रांच्या मांडणीतही एक क्रम आहे. दारातून आत येताच मधल्या दालनात पहिला भेटतो हर्मिस त्रिस्मेगिस्तस, इजिप्तचा दंतकथेतला ज्ञानी. हे १४८८ चं काम, आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलं आहे की तो मोशेचा समकालीन. चर्चच्या उंबऱ्यात ख्रिस्ती नसलेला गुरू बघून गोंधळायला नको. त्या काळच्या विद्वानांना वाटे की सत्याचे कवडसे आधीच्या लोकांनाही दिसले होते. दोन्ही बाजूंच्या दालनांत पाच-पाच सिबिल्ला आहेत, म्हणजे प्राचीन भविष्यवादिनी. त्या १४८२-८३ च्या. जसजसं घुमटाकडे आणि वेदीकडे जावं तसतसा बायबलचा जुना करार सुरू होतो. नव्या करारातलं दृश्य जमिनीवर एकच आहे: हेरोद राजाने केलेली बालकांची कत्तल, मात्तेओ दि जोव्हान्नीने १४८१ मध्ये आखलेली, डाव्या बाजूच्या आडव्या दालनात. ते बघणं सोपं नाही, तरी चुकवू नये. आयांच्या चेहऱ्यांवर जे आहे ते नुसत्या खोदलेल्या रेषेतून आलेलं आहे, रंगाची मदत जवळजवळ नाही.

मधल्या दालनातलं पिंतुरिक्यो या चित्रकाराचं १५०५ चं चित्र मुद्दाम थांबून वाचण्यासारखं आहे. भाग्यदेवता एक पाय गोळ्यावर, दुसरा नावेवर ठेवून उभी. नावेची डोलकाठी मोडलेली. तिने माणसांची एक टोळी खडकाळ बेटावर आणून सोडली आहे. वाट चढणीची, दगडधोंड्यांची. माथ्यावर प्रज्ञा बसली आहे. तिच्या एका बाजूला सॉक्रेटिस, तो ताडाची फांदी घेतो. दुसऱ्या बाजूला क्रातेस हा तत्त्वज्ञ टोपलीतले दागिने समुद्रात ओततो आहे. दागिने हवेत पडताना दाखवलेत, तेही दगडात.

आता या जमिनीचं दुखणं. शेकडो वर्षांच्या चपलांनी खाचांतला काळा लगदा निघून जातो, मग रेषा पुसट होते, मग लादीच झिजते. म्हणून काही चित्रं एकोणिसाव्या शतकात नव्याने केली गेली. शहराची लांडगी आणि भोवतीच्या मित्रनगरांचे प्राणी दाखवणारं वर्तुळ, हे इथलं एकमेव मोझेक, त्यातलंच. जुने तुकडे बाजूच्या संग्रहालयात आहेत. घुमटाखालच्या षट्कोनातली बरीच दृश्यंही १८७० च्या दशकातली. रेषा फार ठसठशीत, कडा फार तीक्ष्ण दिसली की काम उशिराचं समजावं. उघड्या काळातही दोरांच्या मधून ठरलेल्या वाटेनेच चालावं लागतं, त्यामुळे काही चित्रं उलटी दिसतात. घाईने फोटो काढून पुढे गेलात तर नंतर त्यात काहीच कळत नाही.

निकोला पिसानोचं व्यासपीठ

घुमटाजवळ डावीकडे प्रवचनाचं अष्टकोनी व्यासपीठ आहे. करार सप्टेंबर १२६५ चा, काम पुरं १२६८ मध्ये, दगड कार्राराचा. निकोलाच्या हाताखाली त्याचा मुलगा जोव्हान्नी आणि आर्नोल्फो दि कांबियो होते. दोघेही पुढे स्वतंत्रपणे मोठे शिल्पकार झाले, म्हणजे तेराव्या शतकाच्या इटलीतलं शिल्पाचं सर्वांत महत्त्वाचं घराणं या एका वस्तूवर राबत होतं.

खालून वर बघत जावं. बाहेरचे काही खांब सिंह-सिंहिणींच्या पाठीवर आहेत. सिंह शिकार फाडताहेत, सिंहिणी पिलांना पाजताहेत. मधल्या खांबाच्या पायाशी तत्त्वज्ञान आणि सात विद्या स्त्रीरूपात बसल्यात. व्याकरण एका पोराला शिकवते आहे. वर सात पट, आठवी बाजू जिन्याची. जिना मात्र मूळचा नाही, सोळाव्या शतकातला आहे, आणि व्यासपीठाची जागाही तेव्हाच बदलली. पट जिन्याकडून सुरू होतात: येशूचा जन्म, ज्ञानी पुरुषांचं दर्शन, मंदिरातलं समर्पण, बालकांची कत्तल, क्रूस, आणि शेवटचे दोन पट मिळून अंतिम न्याय.

निकोलाने याआधी पिसाच्या बाप्तिस्मागृहात व्यासपीठ केलं होतं, ते षट्कोनी. तिथे प्रत्येक पटाच्या कोपऱ्यात छोटे खांब आहेत, प्रत्येक प्रसंग आपापल्या चौकटीत. इथे त्याने कोपऱ्यांतून खांब काढून त्या जागी माणसांच्या आकृत्या उभ्या केल्या. त्यामुळे दृश्य तुटत नाही, गर्दी एका पटातून दुसऱ्यात सरकते. तीनशेहून जास्त माणसं आहेत. अंतिम न्यायाच्या दोन पटांमधल्या कोपऱ्यावर ख्रिस्त आहे. एका बाजूला तरलेले, दुसऱ्या बाजूला नरकात लोटले जाणारे. भोवती एकदा पूर्ण फेरी मारा आणि मग हा कोपरा समोर ठेवून उभे राहा.

डाव्या बाजूला

डाव्या दालनात पिक्कोलोमिनी घराण्याची संगमरवरी वेदी आहे. तिच्या कोनाड्यांतले चार छोटे पुतळे मायकेलँजेलोचे आहेत, १५०१ ते १५०४ दरम्यानचे: पेत्र, पौल आणि दोन संत पोप. करार पंधरा पुतळ्यांचा होता. पण त्याच वर्षी फ्लोरेन्सहून ‘डेव्हिड’चं काम आलं, आणि सिएनाचे अकरा पुतळे राहिले ते राहिलेच. पुतळे चांगले आहेत, पण मन दुसरीकडे असलेल्या माणसाचे वाटतात.

तिथून लगेच पुढे ग्रंथालयाचं दार. पोप पायस दुसरा, मूळ नाव एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी, याची पुस्तकं ठेवायला त्याच्या भाच्याने हे दालन १४९२ मध्ये सुरू केलं. पुस्तकं इथे कधी आलीच नाहीत. भाचाही १५०३ मध्ये पोप झाला आणि २६ दिवसांत वारला. राहिली ती पिंतुरिक्योची दहा भित्तिचित्रं, मामाच्या आयुष्यातली. करारातच अट होती की डोकी पिंतुरिक्योने स्वतः रंगवायची, कारण बाकीचं हाताखालच्या माणसांकडून होणार हे देणाऱ्यालाही ठाऊक होतं. काही दृश्यांचे आराखडे तरुण राफाएलने काढले. त्यातली रेखाटनं आजही शिल्लक आहेत. पहिल्या चित्रात तरुण एनेआ घोड्यावरून चर्चच्या परिषदेला निघाला आहे, मागे समुद्रावर वादळ आणि इंद्रधनुष्य. दुसऱ्या एकात सम्राट फ्रेडरिक तिसरा सिएनाच्या वेशीबाहेर आपल्या होणाऱ्या पत्नीला, पोर्तुगालच्या एलेओनोराला, पहिल्यांदा भेटतो आणि मधे उभा एनेआ ओळख करून देतो. शेवटच्या चित्रात म्हातारा पोप आन्कोनाच्या बंदरावर धर्मयुद्धाची जहाजं येण्याची वाट बघतो आहे. १४६४ मध्ये तो तिथेच वारला.

दालन लहान आहे, सोनं आणि निळा रंग भरपूर, त्यामुळे गर्दीत दम कोंडतो. काचेच्या पेट्यांत ठेवलेले स्तोत्रांचे मोठे चित्रित ग्रंथ लोक ओलांडून जातात. लिबेराले दा व्हेरोना आणि जिरोलामो दा क्रेमोना यांनी पंधराव्या शतकात रंगवलेली ती पानं इथल्या कुठल्याही भित्तिचित्राच्या तोडीची आहेत.

याच बाजूला पुढे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या देवडीत, म्हणजे चर्चच्या आतल्या छोट्या प्रार्थनास्थानात, शिल्पकार दोनातेल्लोचा १४५७ चा ब्राँझचा योहान आहे, विस्कटलेला आणि हाडकुळा. समोरच्या बाजूला शिल्पकार बर्निनीची चिगी देवडी, त्यातले मग्दालिया मरिया आणि जेरोम हे पुतळे त्याच्या हातचे.

बाहेर गेलेल्या वस्तू

उजवीकडच्या अर्धवट दालनाच्या कमानी भिंतींनी बंद करून तिथे चर्चच्याच कारभाराचं संग्रहालय केलं आहे. इथे खरी चुकवू नये अशी गोष्ट म्हणजे चित्रकार दुच्चोची ‘मायेस्ता’, वेदीवरचं ते प्रसिद्ध चित्र.

करार ऑक्टोबर १३०८ चा. दुच्चोने स्वतःच्या हाताने काम करायचं, दिवसाला सोळा सोल्दी (तेव्हाची नाणी) मजुरी, साहित्य चर्चच्या कारभाराने द्यायचं. ९ जून १३११ रोजी दुकानं बंद ठेवून, घंटा वाजवत, मिरवणुकीने हे चित्र कारखान्यातून कॅथेड्रलमध्ये आणलं. लाकडी फळ्यांवर अंड्याच्या बलकातले रंग आणि सोन्याचा वर्ख. ते मुख्य वेदीवर मधोमध उभं होतं, म्हणून दोन्ही बाजूंनी रंगवलेलं. भाविकांकडची बाजू: सिंहासनावर मरिया, मांडीवर बाळ, भोवती देवदूत आणि संत, पुढे गुडघे टेकलेले सिएनाचे चार रक्षक संत. मागची बाजू पाद्र्यांकडे: येशूच्या शेवटच्या दिवसांची २६ दृश्यं. मागची बाजू डावीकडे खालून वाचायला घ्यायची. तिथला यरुशलेमचा प्रवेश दुप्पट उंचीचा आहे. शेवट उजवीकडे वर होतो. वरून खाली वाचायला गेलात तर कथा उलटते.

१५०६ मध्ये ते वेदीवरून उतरलं. १७७१ मध्ये दोन्ही बाजू वेगळ्या करायला फळ्या करवतीने चिरल्या, त्यात मरियेच्या चेहऱ्यालाही इजा झाली. खालच्या पट्टीतले आणि वरच्या टोकांचे काही तुकडे विकले गेले. ते आता लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, फोर्ट वर्थ आणि माद्रिदच्या संग्रहालयांत आहेत. ज्याला लंडनची नॅशनल गॅलरी जवळ पडते त्याने तिथली छोटीशी ‘घोषणा’, म्हणजे देवदूत मरियेला येशूच्या जन्माची वार्ता देतो ते दृश्य, जरूर बघावी. ती याच चित्राची.

संग्रहालयाच्या खालच्या मजल्यावर दर्शनी भिंतीचे मूळ पुतळे आहेत, जोव्हान्नी पिसानोने १२८४ नंतर केलेले: मोशेची बहीण मिर्याम, यशया, प्लेटो वगैरे. माना विचित्र पुढे काढलेल्या, डोकी धडापासून तुटतील अशी. कारण ते दहा-बारा मीटर उंचीवर बसवायचे होते. मान सरळ ठेवली असती तर खालून बघणाऱ्याला छाती आणि हनुवटीच दिसली असती. आता ते डोळ्यांच्या रेषेत ठेवल्यामुळे वेडेवाकडे वाटतात. जमिनीवर बसून वर बघितलं की मिर्यामची मान बरोबर दिसते. याच मजल्यावर दुच्चोनेच आखलेली, १२८७-८८ ची, सुमारे सहा मीटर व्यासाची मूळ रंगीत खिडकी आहे. चर्चमध्ये जी उजळलेली दिसते ती तिची नक्कल.

चर्चच्या खाली

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला वेदीमागची बाजू वाढवायची म्हटली तर पुढे टेकडी उतरते. म्हणून उतारावर खाली बाप्तिस्मागृह बांधलं आणि त्याच्या डोक्यावर चर्च पुढे सरकवलं. ते करताना मधलं एक जुनं दालन राडारोडा टाकून बुजवलं. ते १९९९ मध्ये सापडलं. आतली भित्तिचित्रं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, जवळपास १८० चौरस मीटर. सातशे वर्षं ना उजेड, ना धूर, ना कुणाचा दुरुस्तीचा उत्साह, म्हणून लाल आणि निळा अजून धक्का देतात. काही चेहऱ्यांमधून नंतरच्या बांधकामाची भिंत सरळ जाते.

बाप्तिस्मागृहात मधोमध कुंड आहे, त्याभोवती सोन्याचा मुलामा दिलेले ब्राँझचे पट. दोनातेल्लोची हेरोदाची मेजवानी शोधा. ती आधी शिल्पकार याकोपो देल्ला क्वेर्चाकडे होती, त्याने उशीर लावला म्हणून दोनातेल्लोकडे गेली. पुढे ताटातलं योहानाचं डोकं आणि दचकून मागे सरलेली माणसं, मागे कमानींपलीकडे कमानी. त्या मागच्या कमानींत तेच डोकं आधी आणलं जातानाही दिसतं.

जाताना

फ्लोरेन्सहून बस गावाच्या वेशीजवळ सोडते, ट्रेन खाली दरीत. स्टेशनसमोरच्या मॉलमधून सरकत्या जिन्यांची साखळी वर जाते. ते माहीत नसेल तर चढ चांगलाच लागतो. गाडी गावात नेऊ नये, परवाना नसलेल्या गाड्यांना दंड होतो. तिकिटं चर्चच्या दारात मिळत नाहीत, जवळच्या खिडकीवर किंवा आधी ऑनलाइन घ्यावीत. चर्च, ग्रंथालय, संग्रहालय, फाच्चातोने, तळघर आणि बाप्तिस्मागृह मिळून एकच पास असतो आणि तो सलग तीन दिवस चालतो. छताखालून फिरवणारी वाट वेगळ्या तिकिटाची, ठरल्या वेळेची आणि छोट्या गटांपुरती असते. रविवारी सकाळी प्रार्थनेसाठी पर्यटकांना बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, उन्हाळ्यात एक ओढणी पिशवीत टाकावी. लहान दुर्बीण असेल तर घुमट आणि कमानींवरच्या कठड्यातून खाली बघणारी पोपांची डोकी जवळ येतात. २ जुलै आणि १६ ऑगस्ट पालिओच्या घोड्यांच्या शर्यती. त्याच्या आगेमागे शांतपणे काही बघायचं असेल तर येऊ नये.

सगळं मिळून पाच तास धरा. आपल्याकडच्या सहली सिएनाला बहुधा अर्धा दिवस देतात. दोनच तास हातात असतील तर फाच्चातोने आणि बाप्तिस्मागृह सोडा. फाच्चातोनेची रांग एकटीच पाऊण तास खाऊ शकते. आधी संग्रहालयात मायेस्ता आणि खालचे पुतळे, मग चर्च. उलट क्रमाने गेलात तर मायेस्ताच्या खोलीत पोचेपर्यंत डोळे थकलेले असतात. दर्शनी भिंत बाहेरून बघायला मात्र दुपारनंतरच या. सकाळी तिच्यावर सावली असते.